आत्याबाईंच्या वाटचं

"तू असं म्हणाली होतीस का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

जाळीपलीकडून अंजिरा म्हणाली, "व्हय. म्हटलं की."

"'म्याच इख घातलं' असं?"

"व्हय, ताई. म्हटलं."

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत एकामागे एक दोन जाळ्या होत्या, मध्ये हातभर मोकळी जागा. पलीकडच्या माणसाचा चेहरा बारीक चौकोनांत विखुरलेला दिसे. डोळा सापडला तर ओठ हरवे, ओठ सापडले तर डोळा. अंजिरा गोरड चौदा महिने त्या चौकोनांमागे होती आणि दर भेटीत मी तोच प्रश्न विचारत होते, ती तेच उत्तर देत होती.

बराकीची शिपाईबाई स्टुलावर बसून नखं खात होती. ती हसली. "कबूल करतीय म्हटल्यावर तुम्ही कशाला एसटी झिजवताय, बाई?"

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वकील लावायची ऐपत नसलेल्या आरोपींना सरकारतर्फे वकील मिळतो. त्या कचेरीत मी होते. वकील कोर्टात उभे राहत, मी गावोगाव हिंडे. कुणी काय पाहिलं, किती लांबून पाहिलं, मध्ये भिंत होती का, त्या दिवशी बाजार होता का. पायांचं काम. अंजिराचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा ते काम दोन दिवसांत आटोपेल असं मला वाटलं होतं.

प्रकरण एवढंच. पळसमाळ गावात दोघा भावांची डाळिंबाची बाग. थोरला जालिंदर, धाकटा सोपान. अंजिरा सोपानची बायको. एके सकाळी सोपान बागेवर औषध मारून घरी आला, बायकोच्या हातचा चहा प्याला, ओकला, तोंडाला फेस आला आणि दवाखान्याच्या वाटेवरच त्याचा जीव गेला. अंगात फवारणीचं औषध सापडलं. जालिंदरनं फिर्याद दिली की भावजयीनं चहातून विष घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की असलं औषध पोटातून जातं तसंच कातडीतूनही भिनतं, आणि इथं ते कुठून गेलं हे छातीठोक सांगता येणार नाही.

म्हणजे तराजू अधांतरी होता. पारड्यात टाकायला सरकार पक्षाकडे एकच वजन होतं, अंजिराच्या सासूचा, तानुबाईंचा जबाब. *मला माझ्या सुनेने सांगितले की, मीच चहातून विष घातले.* खाली निळा अंगठा. सोळा तारखेला तानुबाईंची साक्ष होती. त्या पिंजऱ्यात उभ्या राहून हेच वाक्य बोलल्या, की अंजिराला जन्मठेप.

"अंजिरा," मी जाळीला तोंड लावून म्हणाले, "तू घातलं होतंस का विष? मला खरं सांग. मी पोलीस नाही."

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी तिला तू बाई आहेस का म्हणून विचारलं होतं.

"मी कशापायी घालीन? धनी हुता माझा."

"मग तसं म्हणालीस कशाला?"

"आता मानूस गेल्यावर म्हणाय नगं?" ती कावली. "आत्याबाईंनी म्हटलंच न्हाई. मुक्या झाल्या, बसल्या जागी. बाया माझ्या तोंडाकडं बघाय लागल्या. मग त्यांच्या वाटचं बी म्याच म्हटलं."

"सासूबाईंच्या वाटचं?"

"वेळ झाली," शिपाईबाई उठली.

अंजिरा वळली. जाता जाता तिनं विचारलं, "आत्याबाई जेवत्यात का बघा की जरा. त्यास्नी भाकरी मऊ लागती."

---

तांबोळी वकिलांची खुर्ची एका पायानं लंगडी होती. तिच्याखाली ते जुन्या निकालपत्रांची घडी ठेवत. मी अंजिराचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते पान चघळायचे थांबले.

"पुन्हा सांगा, कालिंदीबाई. कुणाच्या वाटचं?"

"सासूच्या. म्हणते, त्यांनी म्हटलंच नाही, म्हणून मी म्हटलं."

तांबोळींनी चष्मा कपाळावर सारला. बराच वेळ ते खिडकीतून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत राहिले. मग अगदी हळू, पानाच्या रसातून वाट काढत, ते काहीतरी गुणगुणायला लागले. मला आधी वाटलं, यांना बरं वाटत नाही.

"आमचा बाप मोहरमात रिवायत म्हणायचा, करबल्याचं रडगाणं," ते म्हणाले. "गावातले मराठे, धनगर, सगळे झील धरायचे. त्यात तो म्हणायचा, तहानेल्या बाळाला मी पाणी दिलं नाही, मीच त्याचा घात केला. छाती बडवून म्हणायचा. सांगा, माझ्या बापानं कुणाला पाणी दिलं नव्हतं? आमच्या दारात तर रांजण होता."

मी खुर्ची पुढे ओढली.

"रडताना," मी म्हणाले. "ती मढ्यापाशी रडताना म्हणत होती. हेल काढून."

"आणि तुम्ही तिला काय विचारत होता, चौदा महिने?"

"तू असं म्हणालीस का."

"आणि ती बिचारी इमानानं म्हणत होती, व्हय, म्हटलं." त्यांनी जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. *सांगितले.* "म्हातारी म्हणाली असेल, 'सुनंनं म्हटलं'. पोलिसानं लिहिलं, 'सुनेने सांगितले'. तो शहरातला असेल. तुमच्यासारखा."

माझ्या गावातसुद्धा बायका अशाच रडत. आई गेली तेव्हा माझ्या मावशीनं म्हटलं होतं, मीच माझ्या बहिणीला खाल्लं. मावशी तेव्हा तीनशे मैलांवर होती. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त कागदावर वाचलं की मी ते विसरत होते.

"पळसमाळला जा," तांबोळी म्हणाले. "पण ऐका. सासू सरकारची साक्षीदार आहे. विचारायचं, शिकवायचं नाही. एक शब्द तिच्या तोंडात घातलात, तर केस बुडालीच म्हणून समजा. आणि आपण दोघंही."

---

तानुबाई बागेच्या बांधावर शेरडं राखत बसल्या होत्या. लहानखुरी बाई. नऊवारीचा पदर दातांत धरलेला, जणू तोंड उघडू नये म्हणून. मी कोण ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी शेजारी मातीत बसले. डाळिंबाला फुलं होती आणि फुलांना औषधाचा वास होता.

"अंजिरानं विचारलंय, तुम्हांला भाकरी मऊ मिळते का."

त्यांनी पदर सोडला नाही. डोळे मात्र भरून आले आणि भरलेलेच राहिले, सांडले नाहीत.

"मावशी, त्या दिवशी अंजिरा काय म्हणाली होती?"

"लिवून घेतलंय न्हवं."

"तुम्हांला वाचून दाखवलं होतं का?"

"दोन भाकरी खायाला थोरल्याच्या दारात बसलीय, बाय. मला काय वाचून दाखवाय लागतंय." मग एकदम, माझ्याकडे न बघता, "एक ल्योक मातीत गेला. दुसरा बी घालवू व्हय?"

माझ्या जिभेवर शब्द आला होता. सांगितलं की म्हटलं, एवढंच विचारायचं होतं. पण तो प्रश्न विचारला असता तर उत्तरही मीच दिलं असतं. मी तो गिळला. समोर एक शेरडू काटेरी तारेत मान अडकवून ओरडत होतं. म्हातारी उठली, त्याचे कान मुडपून तिनं मान सोडवली आणि पुन्हा येऊन बसली.

"तुम्हांला सांगायचं आहे का काही?" मी विचारलं.

"सांगायचं तेवढं सांगून झालंय." थोडं थांबून त्या पुटपुटल्या, "म्हणायचं ऱ्हायलंय."

तेवढ्यात मोटारसायकल आली. जालिंदर गोरडनं ती बांधावरच्या वाटेत आडवी लावली. धिप्पाड माणूस, पण आवाज मऊ.

"वकीलबाई, उन्हात का बसलाय? चला, घरी चला. पाव्हणं असं बांधावरनं जात न्हाईत आमच्यात."

"साडेचारची एसटी आहे."

"एसटी माझ्या दारावरनंच जाती."

वाट एकच होती आणि तीत त्याची गाडी होती. मी गेले. ओसरीवर बाज टाकली होती. कुत्रं सुटं होतं, माझ्या पायांशी येऊन बसलं, मी हलले की गुरगुरे. जालिंदरच्या बायकोनं चहा आणला. मी कप हातात धरून राहिले.

"घ्या की," तो हसला. "का आमच्या घरच्या चहाचं भ्या वाटतंय?"

मी प्याले. कप ओठांना लागला तेव्हा त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. एक माझा, एक मी आणि मागोमाग येऊन दाराशी उभी राहिलेली त्याची आई, असा.

"मऊ बोलता तुम्ही," तो म्हणाला. "कोर्टात बी आसंच मऊ सांगा, आरोपीची मानसं साक्षीदाराच्या घरी कशाला येऊन चहा पितात ते."

साडेचारची एसटी दारावरून गेली. तिचा धुरळा ओसरीपर्यंत आला. त्यानं कुत्र्याला बोलावलं तेव्हा साडेपाच वाजले होते. मी पाच किलोमीटर चालत फाट्यावर आले. सगळ्या वाटेत माझ्या तोंडात तो चहा होता.

---

सोळा तारखेला पोलीस गाडी मिळाली नाही म्हणून अंजिराला कोर्टात आणलंच नव्हतं, तिच्या वतीनं तांबोळी होते. सरकारी वकिलांनी सगळ्यांत आधी ते फोटो दाखवले. न्यायाधीश बाई विदर्भातल्या होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी फोटो बघितले, मग माझ्याकडे.

"तुम्ही शिकवलंत साक्षीदाराला?"

"नाही."

"चहा प्यायलात?"

"हो."

"बाहेर बसा."

मी बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर, कोर्टाच्या खिडकीखाली. खिडकीला गज होते. आतलं दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. आयुष्यात इतकी हतबल मी पुन्हा कधी झाले नाही. जे काय करायचं होतं ते करून झालं होतं आणि जे केलं होतं त्यानंच अंजिराचा गळा आवळला जाणार होता.

सरकारी वकिलांनी तानुबाईंना विचारलं, जबाब खरा आहे का. त्या म्हणाल्या, व्हय. अंगठा तुमचाच का. व्हय. सुनेनं सांगितलं का, मीच चहातून विष घातलं म्हणून?



"आजी, बोला," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"म्हटलं तिनं."

"बस, एवढंच," सरकारी वकील म्हणाले.

तांबोळी उठल्याचं मला त्यांच्या चपलांवरून कळलं.

"तानुबाई, सांगितलं, का म्हटलं?"

"हरकत आहे. दोन्ही एकच."

"तुमच्या-माझ्याकडे एकच असेल, साहेब. मी साक्षीदाराला विचारतोय."

पंख्याची घरघर. कुणाचा तरी खोकला. मला माहीत होतं, म्हातारी कुठे बघत असेल. पहिल्या बाकावर जालिंदर बसला होता.

"सांगायचं म्हंजी," तानुबाई म्हणाल्या, "मानसाकडं बघून सांगायचं. म्हणायचं म्हंजी मढ्याकडं बघून."

"तिनं मढ्याकडं बघून म्हटलं?"

"व्हय."

"कसं म्हटलं?"

"तसंच. बाया म्हणत्यात तसं."

न्यायाधीश बाई मध्येच म्हणाल्या, "मला समजलं नाही. कसं म्हणतात? म्हणून दाखवता येईल का, आजी?"

"मढं न्हाई हितं, बाईसाब. मढ्याबिगर म्हणू ने. घर बसतं."

"मग राहू द्या."

"पर..." म्हातारीचा आवाज खिडकीतून थेट माझ्यावर पडला. "माझ्या सोपानाचं म्या अजून म्हटलंच न्हाई. मढं दारात आलं आन् माझी वाचाच गेली. मग पोलिसानं गाडीत घालून नेलं. अंगठा घेऊन सोडलं, तवर माती झाली हुती. चौदा म्हैनं झालं. म्हणू का?"

"आये, बस खाली," हा जालिंदर.

"तुम्ही गप्प बसा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. आणि मग, अगदी घरातल्यासारखं, "म्हणा, आजी."

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक बारीक, ताणलेला सूर, जो कुठून तरी खोल जमिनीखालून पाणी यावं तसा वर आला. व्हरांड्यातली माणसं जागच्या जागी थांबली. बेड्या घातलेला एक कैदी, त्याचा शिपाई, चहावाला.

*सोपाना माझ्या वासरा रं, न्हाई पाजलं म्या पानी,*
*इख पाजलं तुझ्या आईनं रं, माझ्या हाताची करनी...*

लघुलेखकाची टकटक बंद पडली. म्हातारी थांबली नाही.

*गळका पंप रं पाठीला, म्याच बांधिला फडक्यानं,*
*भिजली पाठ माझ्या राजाची, म्याच पाहिली डोळ्यानं...*

*थोरला बोलला जा म्हनून रं, म्याच हालविली मान,*
*वारा फिरला बागंमंदी, म्याच घेतला तुझा प्रान...*

मी बाकावरून उठले होते. खिडकीचे गज धरून उभी होते आणि तरीही मला काहीच दिसत नव्हतं. मी इतके दिवस फवारणीच्या पंपाबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं. कागदावर पंप नव्हताच. कागदावर चहा होता.

सूर तुटला तेव्हा आत कुणीतरी नाक ओढलं. लघुलेखकानं विचारलं, "मॅडम, हे कसं लिहू?"

"जसं म्हटलं तसं लिहा."

सरकारी वकील म्हणाले, "मॅडम, ही बाई आता स्वतःवरच घेतेय. विष मी पाजलं म्हणतेय."

"हो," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "मग काय करायचं? हिलाही अटक करायची?"

मग बाकाचा करकराट झाला. जालिंदर माझ्या शेजारून व्हरांड्यातून निघून गेला, माझ्याकडे न बघता. आईला घ्यायला तो मागे आला नाही. त्या संध्याकाळी तानुबाईंना फाट्यापर्यंत मी सोडलं. तिथून त्या पळसमाळकडे वळल्या नाहीत. भावाच्या गावच्या गाडीत बसल्या.

---

निकाल सव्वा महिन्यानं लागला. अंजिरा सुटली. गळका पंप कधी सापडला नाही, जालिंदरला कुणी काही विचारलं नाही, आणि मला त्या चहाबद्दल लेखी समज मिळाली. ती मी फाईलला लावली.

सुटकेच्या दिवशी मी तुरुंगाच्या दरवाजाशी गेले. तानुबाई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या, भिंतीच्या कडेला, गाठोडं मांडीवर. किती वेळ बसल्या होत्या, मी विचारलं नाही.

मोठ्या दरवाजातला लहान दरवाजा उघडला. अंजिरा वाकून बाहेर आली आणि उजेडात डोळे मिचकावत उभी राहिली. मी पहिल्यांदाच तिचा चेहरा अख्खा पाहत होते. गालावर देवीचा एक व्रण होता. चौदा-पंधरा महिन्यांत तो मला जाळीतून दिसला नव्हता.

तिनं सासूला पाहिलं. पुढे आली. वाकली, पाय शिवले, पण हात टेकला न टेकला तोच पटकन मागे घेतला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वकीलसायबांनी वाचून दावलं मला, कोर्टात काय म्हटलं तुम्ही त्ये."

म्हातारीनं पदर दातांत धरला.

"त्ये पंपाचं. नुसतं म्हणायचं म्हनून म्हटलं, का खरंच बांधला हुता?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"बांधला हुता," तानुबाई म्हणाल्या. "गळत हुता. मला दिसत हुतं."

"मग मला का न्हाई सांगितलं? चौदा म्हैनं मी आत हुते. कुनालाच का न्हाई सांगितलं?"

म्हातारीनं पदर सोडला. तिचे ओठ एकदा-दोनदा हलले.

"सांगवंना गं," ती म्हणाली. "म्हनून म्हटलं."

अंजिरा तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा पाठ फिरवून चालू लागेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं सासूच्या मांडीवरचं गाठोडं उचललं, काखेत मारलं आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघाली, भराभर, मागे न बघता. म्हातारी भिंतीला धरून उठली. सुनेपासून दहा-बारा पावलं मागे, तिच्या चालीनं चालायची धडपड करत, तीही निघाली.

कोपऱ्यावर अंजिरा थांबली. वळली नाही. नुसती थांबली, अंतर कमी होईपर्यंत.